सखाहरी प्रोग्रामिंग शिकतो

एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा गडी होता. आळशी मात्र नव्हता. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा. सगळी पंचाईत तिथेच होती.

गावच्या दूध डेअरीला कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिणारा माणूस हवा होता. थोरल्या बहिणीनं, केसरअक्कानं, चेअरमन तात्यासाहेबांकडे शब्द टाकला. म्हणाली, "सख्या, मोबाइलवर धडे बघ नि शीक. नोकरी हातची घालवू नकोस. आणि काही अडलं, तर आधी ते शोधायचं, मगच पुढं जायचं."

पहिल्याच धड्यात चहा करण्याचं उदाहरण होतं. चहा कुठून येतो, हे सखाहरीला अडलं. शोधलं, तर चहाचे मळे निघाले. मळ्यात हत्ती शिरले होते. मग हत्ती अडला, म्हणून हत्तींचे व्हिडिओ शोधले.

संध्याकाळी अक्कानं विचारलं, "काय शिकलास?"

"हत्तीला अंघोळ घालायला! अक्का, कानामागं घासलं की डोळे मिटतो बघ!"

अक्कानं कपाळावर हात मारला. "अरे, एक धरलं की शेवटपर्यंत बघावं. मध्येच सोडू नये."

दुसऱ्या दिवशी धड्याआधी कढईची जाहिरात लागली. सखाहरीनं ती शेवटपर्यंत बघितली. पाठोपाठ भज्यांचा व्हिडिओ लागला. तोही धरला, सोडला नाही. दिवस मोठ्या मजेत गेला. धडा जिथल्या तिथे राहिला.

आता अक्का रडकुंडीला आली. "माझी अब्रू घालवतोस का रे? मध्येच काही उगवलं, तर न बघता बंद करायचं आणि आपलं काम चालू ठेवायचं!"

ही मात्रा लागू पडली. जे उगवेल ते सखाहरी पटापट बंद करू लागला, आणि खरंच प्रोग्राम लिहायला शिकला. अक्काला तर भरूनच आलं.

नोकरीसाठीच्या परीक्षेच्या दिवशी त्याला डेअरीत, दूध ठेवायच्या थंड खोलीशेजारी बसवलं. दुपारी अक्का पेढे घेऊन धावतच आली.

"झाला का रे प्रोग्राम?"

"झाला की! एक चूक नाही."

"माझा गुणाचा भाऊ! तात्यासाहेबांना दाखवलास का? आहेत कुठं ते?"

सखाहरीनं थंड खोलीच्या कडीकडे बोट दाखवलं. आतून दार धडाधडा वाजत होतं.

"मी कामात होतो नि ते मध्येच त्या दारात उगवले. न बघता बंद केलं. मघापासून ठोकतायत, पण मी काही काम सोडलं नाही!"