मोत्यांचा खुळखुळा

एका राज्यात मेघकेतू नावाचा राजा होता. आईचा चेहरा त्याने पाहिलाच नव्हता. थोरली बहीण हेमांगी हिनेच त्याला कडेवर घेऊन लहानाचा मोठा केला होता.

पुढे काळदंत नावाच्या जादूगाराने हेमांगीला मागणी घातली. ती नाही म्हणाली. तेव्हा जादूगार म्हणाला, "ज्याच्यासाठी तू इथे राहतेस, त्याचे बालपणच मी नेतो. पौर्णिमेचा सूर्य मावळेपर्यंत त्याने तुला ओळखले नाही, तर तो पुन्हा कधीच ओळखणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाने तिला दारातच अडवले.

"बाई, तुम्ही कोण?"

"अरे, मी तुझी ताई."

"मला बहीण नाही. खोटे नाते सांगणाऱ्याला इथे थारा नाही. पौर्णिमेच्या संध्याकाळी राज्याची वेस ओलांडा. वाटेसाठी शिदोरी मिळेल."

राजा न्यायी होता. त्याला आठवत नव्हते, इतकेच.

अंगणातल्या चिंचेवर एक साळुंकी राहत असे. ती म्हणाली, "रडतेस काय, वेडे? त्याचे बालपण त्याच्या खुळखुळ्यात आहे, आणि खुळखुळा काळदंताच्या गुहेत. चल, वाट दाखवते."

गुहेला तीन राखणदार होते. दगडी हत्तीने दागिने मागितले. तिने उतरवून दिले. काचेच्या हिरव्या बांगड्या तेवढ्या त्याला नको होत्या. सात फण्यांच्या नागाने वेणी मागितली. तिने कापून दिली. शेवटी दार बोलले, "तुझा आवाज दे."

आवाज गेला तर भावाला समजावणार कसे? हेमांगी क्षणभर थांबली. मग तिने मान हलवली, आणि दार उघडले.

आत सोन्याचांदीच्या खुळखुळ्यांची रास होती. तिने तळातून वाळक्या भोपळ्याचा एक खुळखुळा काढला. त्याच्या मुठीवर इवल्या दातांच्या खुणा होत्या.

ती राजवाड्यात पोहोचली तेव्हा पौर्णिमेचा दिवस कलला होता. भर दरबारात तिने खुळखुळा वाजवला. आवाज खणखणीत आला, दरबारी खूश झाले.

"सुरेख आहे," राजा म्हणाला. "खजिन्यात ठेवा."

हेमांगीने खुळखुळा कानाशी नेला. हा त्या खुळखुळ्याचा जुना आवाज नव्हता. तिने बुडाचे मेण उकरले, तर आतून टपोरे मोती ओघळले. मोती कोणी फेकून देत नाही, हे काळदंताला ठाऊक होते.

तिने सगळे मोती जमिनीवर ओतले.

"अहो बाई, मोती आहेत ते!" प्रधान ओरडला.

खिडकीत बसलेली साळुंकी म्हणाली, "तुम्हीच वेचा की मग!" आणि भुर्रकन उडून तिने चिंचेखालचे चिंचोके चोचीने आणून दिले. हेमांगीने ते आत टाकले. मग हातातली एक बांगडी वाढवली आणि तिचा तुकडाही आत टाकला. भावाच्या लहानपणी तिने असाच तर तो भरला होता. बुडाला मेण लावून ती वाजवू लागली.

खुळखुळ, किण्. खुळखुळ, किण्.

राजाने सिंहासनावरून पाय खाली सोडले. खिडकीतले ऊन वर सरकत छताला लागले. हेमांगीचा उजवा हात भरून आला, तिने खुळखुळा डाव्या हातात घेतला.

राजाचे डोळे भरून आले.

"हात दुखला ना, ताई?" तो म्हणाला. "मला ताप असायचा तेव्हा तू असाच हात बदलायचीस. मी झोपलो, असं वाटून थांबायचीस, आणि मी पुन्हा रडायचो."

त्याच क्षणी सूर्य मावळला. जमिनीवरचे मोती गारांसारखे विरघळले. गुहा मिटली, तिचा धनी आतच राहिला. हेमांगीचा आवाज परत आला.

"दुखला रे," ती म्हणाली. "आता तू वाजव."

राजाने वाजवला. त्या राज्यात अजूनही कुणाच्या घरी मूल जन्मले की राजवाड्यातून मूठभर चिंचोके जातात. मोती कुणी पाठवत नाही.