दोरी उतरवताना

“हात सुटला म्हणजे? तू सोडलास, का तिनं सोडवला?”

दस्तगीर वस्तादांनी हे विचारलं तेव्हा मी तालमीच्या पायरीशी उभी होते. चपला काढून. डाव्या मुठीत माझ्या चार वर्षांच्या लेकीचा, तन्मयीचा हात.

“सुटला,” मी म्हटलं. “माझी पकड कमी पडली.”

हे उत्तर मी घरूनच ठरवून आणलं होतं. बाजारच्या त्या दिवसापासून मला धड झोप नव्हती. मी मेथीची जुडी निवडत होते आणि हातातला हात एकदम नाहीसा झाला... टेम्पोचा ब्रेक करकचून वाजला. वळून बघते तर तनू रस्त्याच्या मधोमध, एका शेळीकडे बघत उभी. शेळी टेम्पोकडे बघत होती. आम्हा तिघींत शहाणी तेवढी तीच.

तनूला खरचटलंसुद्धा नाही. पण अंथरुणाला पाठ टेकली की माझी मूठ आपोआप वळायची, आणि ती रिकामी आहे हे मला कळायचं.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलंय. आयुष्यात उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे तनूच. मग शिकलेली माणसं करतात तेच मी केलं, फोनवर शोधलं. पकड कशी वाढवावी, मनगट कसं भरावं. एक माणूस दांड्याला दोरी गुंडाळत वजन वर घेत होता. त्याचा कोपराखालचा हात माझ्या पोटरीएवढा होता. मी तो व्हिडिओ नवऱ्याला दाखवला.

“कर की,” तो म्हणाला. “फक्त ब्लाउजच्या बाह्या आधीच उसवून ठेव.”

फोनवर त्या दांड्याला रिस्ट रोलर म्हणतात. आमच्या घरापलीकडच्या तालमीत नुसतं ‘दोरी’ म्हणत. तेवढ्यासाठी मी मोठा रस्ता ओलांडून आले होते, तनूला घट्ट धरून. वाटेत ती सारखी हात बदलून मागत होती. नखरे, दुसरं काय.

“किती भरायचंय मनगट?” वस्तादांनी विचारलं.

मी मोकळ्या हातानं हवेत माप दाखवलं.

“मनगट हाय का मांडी?”

आत कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले.

“वस्ताद, चेष्टा नको. परत असं झालं तर...”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तनूकडे. बराच वेळ तनूकडेच.

“बायकांनी हौद्यात, कुस्तीच्या मातीत, यायची रीत न्हाई आमच्यात. पोरं येत्यात. तू हितं कट्ट्यावरच कर.”

ते आत गेले आणि दांडा घेऊन आले. हातांनी झिजून गुळगुळीत झालेला, मधोमध दोरी, दोरीच्या टोकाला दगडी वजन. त्यांनी तो आधी कपाळाला लावला, मग माझ्यापुढे धरला.

“घे.”

मी उजवा हात पुढे केला.

“दोन हात लागत्यात, लेकी.”

“मग हिला कुठे ठेवू?”

“तिला पाय हायत.”

मी तनूच्या हाती माझ्या ओढणीचं टोक दिलं. “हे सोडायचं नाही. अजिबात. कळलं?” तनूनं मान हलवली. ओढणी ताणली की मला कळणार होतं. शास्त्र शिकल्याचा काहीतरी उपयोग.

कट्ट्यावर चढले. दोन्ही हात समोर ताठ. वजन खाली लोंबतंय.

“फिरव.”

मी जीव खाऊन दांडा आवळला. फिरेना. अजून आवळला. खांद्यापर्यंत कळ गेली, आणि दांडा जागच्या जागी.

“फिरत नाहीये.”

“कसा फिरंल? दोन्ही मुठी आवळल्यास. येक सैल कर.”

“सैल केली तर वजन पडेल!”

“दुसरी कशाला हाय?”

मी डावी मूठ किंचित ढिली केली. उजवीनं पीळ दिला... वजन बोटभर वर आलं. मग उजवी ढिली, डावीनं पीळ. प्रत्येक वेळी वाटायचं, गेलं. प्रत्येक वेळी ते वरच यायचं. कोपराखालच्या शिरा तापलेल्या तारांसारख्या झाल्या. वजन दांड्याला येऊन टेकलं तेव्हा मी वस्तादांकडे शाळेत पहिली आल्यासारखं बघितलं.

ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते ओढणीकडे बघत होते.

ओढणीचं टोक पायरीवर पडलं होतं.

“तनू?”

आत मुद्गल फिरत होतं. त्या लाकडाचा हवेत घुमणारा आवाज मला आल्यापासून ऐकू येत होता. घुम्... घुम्... कुणाच्या डोक्याला लागलं तर... मी दांडा टाकायला हात खाली केले.

“टाकायचं न्हाई!”

एवढ्या वेळात त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला.

“वस्ताद, ती आत गेलीय!”

“बघितलं म्या. आमच्यात वजन टाकत न्हाईत. उतरव.”

“आत मुद्गल...”

“आत माणसं हायत, डोळे असलेली. उतरव.”

मी उतरवायला लागले. वर नेताना माहीत नव्हतं, उतरवणं त्याहून वाईट असतं. वजनाला खाली जायचंच असतं. त्याला तेवढंच हवं असतं. थोडी मूठ सोडा, ते ओढ घेतं. आवळा, ते लोंबकळत राहतं आणि तुम्ही तिथेच अडकता. सोड. धर. सोड. धर. हाताला आग लागलेली आणि कान दाराशी.

मग मुद्गलाचा आवाज थांबला.

“वस्ताद...”

ते उकिडवे बसून वजनाकडे बघत राहिले. दूध उतू जाऊ नये म्हणून बघावं तसे.

आत शांत. अगदीच शांत.

सोड. धर. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. घामच असेल. सोड... धर...

वजन जमिनीला टेकलं. आवाजसुद्धा झाला नाही.

मी उडी मारून पायरीशी गेले. दारात तनू उभी होती. गुडघ्यांना, कोपरांना, नाकाला तांबडी माती. मागे एक थोराड पैलवान, मुद्गल जमिनीवर उभं करून, दोन्ही हात त्यावर ठेवून.

“वैनी, ही कुस्ती मागतीया,” तो म्हणाला. “मी हरलो.”

मी तनूला धरायला हात पुढे केला, आणि बोटं वळेनात. बोटं माझी असून परक्याची झाली होती. डाव्या हाताची तीच गत.

“वस्ताद, मूठच वळत नाहीये.”

“हां.”

“असं किती वेळ राहतं?”

“राहतंय थोडा येळ.”

“मग तोवर बसते इथेच. मोठा रस्ता ओलांडायचाय मला.”

त्यांनी दांडा उचलून परत कपाळाला लावला. दोरी सावकाश गुंडाळत म्हणाले,

“बसू नगंस. अशाच हातानं जा.”

“अशा हाताने? वस्ताद, पकड वाढवायला आले होते मी. होती तीसुद्धा गेली.”

“उद्या परत ये,” ते म्हणाले, आणि आत गेले.

बाहेर पडले. रस्त्यावर संध्याकाळची गर्दी. रिक्षा, दुचाक्या, उसाची मोळी लादलेला ट्रॅक्टर. आणि एक टेम्पो, असायचाच. मी कडेला थांबले. हात खाली सोडलेला, पंजा उघडा, पायरीवरच्या ओढणीसारखा. धर म्हणायचीसुद्धा हिंमत होईना. धरायला सांगायचं कुणाला, माझ्या बोटांना की तिला?

तनूनं वर बघितलं. माझ्या हाताकडे बघितलं. मग मातीनं भरलेली तिची बोटं माझ्या दोन बोटांभोवती आली आणि घट्ट बसली.

टेम्पो गेला. आम्ही ओलांडलं. तिनं हात बदलून मागितला नाही.

पलीकडे पोचल्यावरही ती सोडेना. मी म्हटलं, “झालं, तनू. आलो आपण.”

“आई, रोज असाच धर ना,” ती म्हणाली. “असा दुखत नाही.”