हौसाचा हौद

खडकोळीच्या तळ्यावर पाहुणा आला की सदबा गुरव त्याला आधी पायरीवर बसायला लावतात. पाहुणा ऐसपैस बसतो, पाय सुखाने खाली टेकतात. मग आजोबा सुपारी कातरत विचारतात, "पाण्यात उतरायची पायरी एवढी उंच असती का कुटं? भरली कळशी घिऊन बाईनं चढायचं कसं? आवो, ही पायरी उतरायची न्हवं, बसायची हाय. हितं कुस्त्या व्हायच्या."

असे सांगतात की फार पूर्वी इथे खडक फोडून गोल मैदान केले होते. चहूबाजूंनी चिऱ्यांच्या पायऱ्या आणि तळाशी तांबड्या मातीचा हौद. ती माती ताक, तेल आणि हळद पिऊन लोण्यासारखी झालेली. मैदानाचा राखणदार येसबा वस्ताद. त्याच्या गुरूने मरताना त्याच्याकडून शब्द घेतला होता, "तुझी पाठ या मातीला लागेल त्या दिवशी मैदान सोड. तोवर एक चिराही हलू देऊ नकोस." शब्द पाळावा तर येसबाने. तो झोपायचादेखील कुशीवर म्हणे, न जाणो झोपेत पाठ टेकली तर!

येसबा म्हातारा झाला तसे मैदानही म्हातारे झाले. पायऱ्या कलल्या, मल्ल पांगले. पावसाळ्यात हौद तुडुंब भरायचा आणि दरसाल दसऱ्याच्या आधी येसबा मुलांना आणि चार शागिर्दांना घेऊन ते पाणी उपसून ओढ्यात ओतायचा. माती वाचली की त्याला कोण आनंद! गावचे पाटील मात्र हे बघून बघून कंटाळले होते. गावाला वेस नाही म्हणून सोयरेधायरे त्यांना हसत. मैदान मोडावे, चिरे काढावेत आणि झकास वेस बांधावी, असे त्यांनी ठरवले.

येसबाची सून हौसा. तिला ना वेशीचे कौतुक होते, ना कुस्तीचे. दर चैत्रात गावच्या विहिरी आटत, आणि मग बायका ओढ्याच्या काठाकाठाने कोसभर खाली डोहावर पाण्याला जात. त्याच वाटेवर तिची थोरली जाऊ घसरून पडली होती आणि कायमची अधू झाली होती. घरात दोघींचे पाणी हौसाच्या डोक्यावर आले. नवऱ्याला तिने एकदा मनातले सांगून पाहिले. तो म्हणाला, "आबास्नी सांगायचं? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?"

त्या वर्षी उपसा संपत आला असताना पाटलांनी मैदानावरच गाव गोळा केला. पहारी घेतलेले गडी वर उभे होते. येसबा खाली हौदात उभा राहिला. घोटाभर पाणी उरले होते.

"दगूड न्यायचाय न्हवं? न्या की," तो म्हणाला. "आदी ह्यो म्हातारा चीत करा. हाय का कोन?"

कोणी पुढे आले नाही. त्याच्या अंगात आता कितीसा जोर होता? पण ज्याच्या हाताखाली दंड घातले त्याच्या अंगाला झोंबणार कोण? पाटलांनी गड्यांकडे पाहिले, तर गडी आपल्या पायांकडे पाहत होते.

तेव्हा हौसाने कळशी खाली ठेवली. डोक्यावरचा पदर सावरला, कासोटा घट्ट केला आणि ती पायऱ्या उतरून हौदात आली. बाईने त्या मातीत पाऊल टाकायचे नाही असा दंडक होता. पण तिने मांडीवर असा शड्डू ठोकला की वरची कबुतरे उडाली.

"मामंजी, रागावू नगासा," ती म्हणाली. "दरसाल हितलं पाणी तुमी वढ्यात वतताय, आन् चैतात आमी त्याच वढ्यानं कोसभर पाण्याला जातो. थोरल्या बाईचा पाय त्यापायीच गेला."

इतकी वर्षे येसबाने हौदात फक्त माती पाहिली होती. आता तो घोटाभर पाण्याकडे पाहत राहिला, आणि त्याला लाज वाटली. शड्डू ठोकल्यावर मागे फिरणे मल्लाला शोभत नाही, आणि सुनेच्या अंगाला हात लावणे सासऱ्याला शोभत नाही.

मग येसबा हळूच खाली बसला आणि त्या तांबड्या पाण्यात उताणा झाला. दोन्ही खांदे मातीला लागले. सुनेने सासऱ्याला अस्मान दाखवले. कितीतरी वर्षांनी तो खरोखरच अस्मान पाहत होता. पडल्या पडल्याच तो म्हणाला, "बरं वाटतंय गं पोरी. पाठ टेकली की लई बरं वाटतं."

जिंकणाऱ्याचा शब्द शेवटचा, तेव्हा निवाडा हौसाने दिला. चिऱ्याला हात लावायचा नाही आणि पाणी उपसायचे नाही. पुढच्या पावसात मैदान भरले, आणि चैत्रात बायका डोहाकडे गेल्या नाहीत. नावही बदलावे लागले नाही. हौद तो हौदच राहिला, फक्त लोक हौसाचा हौद म्हणू लागले.

आजही खडकोळीला वेस नाही. आजही पाऊस ओसरला की तळ्याचा तळ तांबूस दिसतो. आणि गावात नवी सून आली की ती पहिली कळशी बुडवण्याआधी पाण्याकाठी शड्डू ठोकते. तेव्हा सासऱ्याला, मग तो सरपंच का असेना, सगळ्यांसमोर पायरीवर उताणे व्हावे लागते. बायका तोंडाला पदर लावून हसतात, पोरे टाळ्या पिटतात. सदबा आजोबांनी तीन सुनांच्या वेळी पाठ टेकली आहे. ते म्हणतात, एकदा आभाळ दिसलं की उठायची घाई होत नाही.