बापूरावांचं सरकतं दार

गवतात राहायचा एक नाकतोडा. अंगानं एवढुस्सा. नाव मात्र बापूराव!

बापूरावांचा होता एक लाकडी बैल. हरभऱ्याएवढा. बैलाला होता गोठा. खडूच्या खोक्याचा. गोठ्याला होतं दार. साधंसुधं नाही हं, सरकतं दार! वर आडवी काडी. काडीवर दोन चाकं. चाकांना टांगलेलं दार. सर्रर्र उघडायचं, सर्रर्र मिटायचं. ऐट तर बघा!

आज होता तान्हा पोळा. छोट्यांच्या लाकडी बैलांचा सण. सगळे बैल निघाले तोरणाखाली. ढोल वाजला, ढुम ढुम! बापूरावांना झाली घाई. सरकतं दार त्यांनी चक्क ढकललं. तेही लाथेनं! काडकन चाक मोडलं. दार अडकलं. बैल आत, बापूराव बाहेर. आता बसा रडत!

टुण टुण, टुण टुण. बापूराव गेले सुतारपक्ष्याकडे.

"सुतारदादा, सुतारदादा,
दार माझं सरकेना,
बैल बाहेर येईना!"

"लाकडाशिवाय चाक कसं करू?" सुतारपक्षी म्हणाला. "जा, बाभळीची काटकी आण."

टुण टुण, टुण टुण. बापूराव गेले बाभळीकडे.

"बाभूळबाई, बाभूळबाई,
सुतार चाक करेना,
दार माझं सरकेना,
बैल बाहेर येईना!"

"ही बकरी बघ," बाभूळ म्हणाली. "माझ्या फांदीवर पाय टेकून पाला खातेय. ती हलली तर काटकी देईन."

टुण टुण, टुण टुण. बापूराव गेले बकरीकडे.

"बकरीबाई, बकरीबाई,
बाभूळ काटकी देईना,
सुतार चाक करेना,
दार माझं सरकेना,
बैल बाहेर येईना!"

"बेंऽऽ! मी नाही हलणार," बकरी म्हणाली. "समोरच्या घरातल्या मैनाकाकूनं भोपळा चिरलाय. त्याची सालं दिली तर हलेन."

ढुम ढुम! ढोल वाजतच होता. टुण टुण, टुण टुण. बापूराव गेले मैनाकाकूकडे.

"मैनाकाकू, मैनाकाकू,
बकरी काही हलेना,
बाभूळ काटकी देईना,
सुतार चाक करेना,
दार माझं सरकेना,
बैल बाहेर येईना!"

"अरे बाबू, माह्या हातात लाटणं हाय," काकू म्हणाली. "अन् हे लेकरू रडून राह्यलं. ते हासलं, का सालं देतो!"

टुण टुण, टुण टुण. बापूराव गेले बाळाकडे.

"बाळोबा, बाळोबा,
काकू सालं देईना,
बकरी काही हलेना,
बाभूळ काटकी देईना,
सुतार चाक करेना,
दार माझं सरकेना,
बैल बाहेर येईना!"

बाळ म्हणालं, "भ्याँऽऽऽ!"

बापूरावांनाही रडू आलं. रागानं त्यांनी मारली उडी. टुण! आणि पडले कुठे? काकूच्या पिठात! भस्स! नाक पांढरं, मिशा पांढऱ्या. "आऽऽ छीं!"

बाळ हसलं. खी खी खी!

बाळ हसलं, काकूनं सालं दिली.
सालं मिळाली, बकरी हलली.
बकरी हलली, बाभळीनं काटकी दिली.
काटकी मिळाली, सुतारानं चाक केलं. टक् टक् टक्!
चाक काडीवर बसलं. बापूरावांनी पाय उचलला...

"लाथ नको!" सगळे ओरडले.

बापूरावांनी पाय खाली ठेवला. दार हळूच सरकवलं. सर्रर्र! बैल बाहेर आला.

टुण टुण, टुण टुण! बापूराव पळाले तोरणाकडे. पोहोचले सगळ्यांच्या शेवटी. पण पोहोचले! तिथे गावच्या पाटीलकाकांनी कुंकवात बोट बुडवलं. बापूरावांच्या बैलाला टिळा लावला. आणि काय झालं? अख्खा बैल लाल! शिंगं लाल, शेपूट लाल!

सगळे हसले. बापूरावांनी मिशीवरचं पीठ झटकलं. मान ताठ केली.

"बघा, बघा!" ते म्हणाले. "एवढा मोठा टिळा कुणाच्याच बैलाला नाही!"