छपराखालचं थडगं

लोरुआ बेटावर, समुद्राच्या अंगाला, मोठ्या लढाईतल्या सैनिकांची दफनभूमी आहे. फाटकाशी स्मारकाचा उंच खांब, आत पांढऱ्या दगडांच्या ओळी. गोऱ्यांची नावं आहेत, जपान्यांची आहेत, कैद करून आणलेल्या आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या जवानांचीही आहेत. म्हणून आपली माणसंसुद्धा कधीमधी फुलं घेऊन जातात. सगळे दगड ऊनपाऊस खात उघड्यावर उभे. फक्त टोकाच्या एका थडग्यावर झावळ्यांचं छप्पर, नीट शाकारलेलं. बघणाऱ्याला वाटतं, कुणी मोठा माणूस असेल, त्याचा मान ठेवलाय. तेव्हा बेटावरचा म्हातारा वाटाड्या तेविता पाहुण्यांना सावलीत बसवतो आणि त्या छपराची गोष्ट सांगतो.

लढाईच्या दिवसांत म्हणे बेटावर जपानी पलटण उतरली होती. कप्तानाचं नाव मोरिवाकी. बॉम्बनी माडांचे शेंडे उडवले, शहाळं औषधालाही उरलं नाही. गोड्या पाण्याचा झरा एकच, टेकडीवर. त्यावर कप्तानानं पहारा बसवला. गावानं खालच्या डबक्यातलं खारट प्यावं.

गावात मेरेवा नावाची तरुण बाई होती. तिचा पहिलाच मुलगा तामू, नुकता रांगायला लागलेला. त्याला ताप भरला. तापातलं पोर कसं कोरडे ओठ चाटत राहतं, ते जिनं पाहिलंय तिला वेगळं सांगायला नको. मेरेवाचं दूध आटलं होतं. स्वतःच्याच पोटात पाणी नाही, तर दूध कुठून यायचं? पोराची टाळू खोल गेली, तेव्हा तिचा धीर सुटला. बांबूचं नळकांडं घेऊन, तामूला खांद्यावर टाकून ती टेकडी चढली.

कप्तान झऱ्याशी दाढी करत बसला होता. तिनं पोर पुढे केलं.

दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतात, पाणी पलटणीचं आहे."

"घोटभर द्या हो. मला नको, ह्याला."

कप्तानानं पोराकडे एकदा बघितलं. तोंड धुतलं. मग भांड्यातलं साबणाचं पाणी तिच्या पायाशी ओतून दिलं. वाळूनं ते बघता बघता पिऊन टाकलं.

उतरताना अर्ध्या वाटेत खांद्यावरचं पोर तिला एकाएकी जड लागलं. तिथंच ती खाली बसली. रडली नाही. टेकडीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "तुला थेंब मिळणार नाही. मी आहे तोवर नाही, आणि माझ्या मागंही नाही."

पुढे पलटण हरली. पोटात गोळी लागून कप्तान झुडपात पडला होता. त्याला मेरेवानंच शोधून काढलं, असं सांगतात. तो पाणी मागत होता. त्याची भाषा तिला येत नव्हती, पण ते मागणं कळायला भाषा कशाला लागते? ती नळकांडं भरून घेऊन आली, त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या डोळ्यांदेखत सावकाश प्याली. दिवस मावळायच्या आत तो गेला. तिला वाटलं होतं, आता जीव शांत होईल. झाला नाही.

जिंकलेल्या फौजेनं सगळ्यांना ओळीनं पुरलं, त्यालाही. दगड बसवला. मग पाऊस आला. त्या दगडावरून पाणी ओघळून खाली मातीत मुरताना मेरेवानं पाहिलं आणि ती तशीच घरी पळाली. झावळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन निघाली, तर दीर आडवा आला.

"वहिनी, वेड लागलं का? आपलं घर गळतंय आणि वैऱ्याला छप्पर?"

"गळू दे आपलं. त्याच्यावर गळता कामा नये. भाऊजी, तुम्ही फावडं आणा. भोवती चर खणायचाय, खालूनसुद्धा ओल जायला नको."

दिराचं हसू तोंडातच राहिलं. तो फावडं घेऊन आला.

बरीच वर्षं गेली. एक दिवस कप्तानाची मुलगी काझुए वडिलांचं थडगं शोधत बेटावर आली. त्यांच्याकडे थडग्यावर पाणी घालायची रीत आहे. तिनं घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. छप्पर पाहिलं, ते शेजारी उभ्या मेरेवानं घातलंय असं कळलं मात्र, तिनं तिच्या पायांवर डोकंच ठेवलं.

"बाकीचे सगळे उघड्यावर आहेत आणि माझ्या बाबांना तुम्ही एवढं जपलंत! आई मरेपर्यंत म्हणत होती, त्यांना एकदा पाणी घालून ये."

तिनं बाटलीचं झाकण उघडलं. मेरेवानं तिचं मनगट धरलं. "थांब. आधी ऐक."

तिनं सगळं सांगितलं. खोल गेलेली टाळू, साबणाचं पाणी, झुडपाशी बसून घेतलेले घोट. दोघींचं बोलणं एकमेकींना सांगणारी गावातली पोरगी मध्येच अडखळली. "आजी, हेही सांगू?"

"सांग. काही गाळू नकोस."

काझुएनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तर तेव्हा रांगत होते. माझ्या हातचं तरी चालेल ना?"

"तामूही रांगतच होता," मेरेवा म्हणाली. "तुझा दोष नाही, पोरी. उन्हातनं लांबून आलीस, ते पाणी तू पी. त्याला नाही."

काझुएच्यानं ते पिववेना. तिनं झाकण लावलं, बाटली पिशवीत ठेवली. मग वाकून दगडावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि तिचा बांध फुटला. मेरेवा चटकन शेजारी बसली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तिच्या हनुवटीखाली धरली.

"रड. पोटभर रड. पण इथं सांडू नकोस."

आजही मेरेवाच्या घरातल्या बाया दर साली ते छप्पर नव्यानं शाकारतात. आजही त्या थडग्याशी कुणाचे डोळे भरून आले, की त्यांच्यातली एखादी उठते, जवळ जाते आणि हनुवटीखाली ओंजळ धरते. घाई करत नाही. येणाऱ्याला वाटतं, केवढी ही माया! रडणं संपेपर्यंत ती तशीच उभी असते, आणि थेंब खाली पडू देत नाही.