गायन क्लबचं पहिलं गिऱ्हाईक

तापीकाठच्या एका गावात कुमुदताई दुसाने गाणं शिकवत. गावची कापसाची जुनी वखार रिकामी पडली होती. तिथे गायन क्लब काढावा, वर्गणी घ्यावी आणि दर रविवारी मैफल करावी, असं त्यांच्या मनात आलं. त्या सरपंच केसरचंद शेठांकडे, त्यांच्या दुकानात गेल्या.

"आधी क्लब चालेल की बुडेल ते बघू," शेठ म्हणाले. "एक मैफल करा. मी डोकावून जाईन. कुठल्या धंद्यात दम आहे, ते मला उंबऱ्यावरूनच कळतं."

रविवारी कुमुदताई जीव ओतून गायल्या. भैरवी संपली तसे शेठ उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "गाणं गोड आहे, पण यात नफा नाही. पदरचे पैसे मोडून कोण येणार?"

लोकांचे चेहरे उतरले. कुमुदताईंनी तंबोरा अलगद खाली ठेवला.

"शेठजी, आज तुमचं दुकान कोण बघतंय?"

"कुलूप लावून आलोय."

"भर बाजाराच्या दिवशी?"

"घटकाभरच येणार होतो…" शेठ अडखळले.

"आणि भैरवीपर्यंत बसलात! गावातला सगळ्यात हिशेबी माणूस बाजाराच्या दिवशी गल्ला सोडून इथे रमला. शेठजी, ज्या धंद्याला तुमच्यासारखं गिऱ्हाईक मिळतं, तो बुडेल कसा?"

वखारीत हशा पिकला. शेठांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"वखार तुमची," ते म्हणाले. "पण माझी जागा पुढे, तंबोऱ्याजवळ राखून ठेवायची."