पलीकडच्या कड्यावरचा माणूस

एका डोंगरपाड्यात धाकू नावाचा एक माणूस राहत होता. पाड्यातले लोक उभ्या कड्यांना लागलेली मोहोळं काढत. एकाने दोराला लटकून खाली उतरायचं, दुसऱ्याने वर दोर सांभाळायचा. आणि दोर सांभाळणारा उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊच हवा, अशी तिथली रीत होती. एक वेळ सख्खा भाऊ दगा देईल, पण आपल्या बहिणीचं कुंकू कोण पुसेल? जुनी माणसं भारी हुशार!

म्हणून धाकू आपल्या दाजींचा, हिरूचा, दोर सांभाळी. पण यंदा दोघांचं बिनसलं होतं. मूल मामाच्या मांडीवर बसवून त्याचं जावळ काढतात. भाचीच्या जावळाला धाकूला पोचायला उशीर झाला आणि हिरूने शेजाऱ्याच्या मांडीवर कार्य उरकून टाकलं. मामाचा मान गेला. धाकूच्या मनात अढी बसली ती बसलीच.

मधाचे दिवस आले. रीत मोडता येईना, म्हणून दोघे घुम्यासारखे एका नव्या कड्यावर गेले. झाडाला दोर बांधून हिरू खाली उतरला. धाकू दोराजवळ बसला, तोही कड्याकडे पाठ करून.

खालून हाक आली, "धाकू, दोर जरा डावीकडे घे!"

"आले हुकूम सोडायला," धाकू पुटपुटला आणि बसून राहिला.

"अरे, घासतोय तो! ऐकतोस ना?"

"त्या दिवशी माझं कुणी ऐकलं होतं?"

शब्द न् शब्द त्याच्या कानावर पडत होता. पण त्याला त्यात जावळाचा दिवसच ऐकू येत होता.

मग हिरू जिवाच्या आकांताने ओरडला, "दोर तुटतोय!"

धाकू तरीही हलला नाही. इतक्यात समोरच्या कड्यावरून कुणीतरी घुमत्या आवाजात ओरडलं, "दोर तुटतोय!"

धाकूने कान टवकारले. हा कोण बुवा? गुराखी की लाकूडतोड्या? एवढ्या लांबून त्याला काय दिसलं? परका माणूस उगाच कशाला खोटं बोलेल? बघावं तरी, म्हणून तो उठला आणि कडेशी वाकला. खडकाच्या धारेवर दोराचे पीळ सुटत चालले होते. त्याने झिजल्या जागेच्या खाली दोर धरला आणि जीव खाऊन ओढला. हिरूही कपारीत पाय रोवत कसाबसा वर आला.

दम खाऊन झाल्यावर धाकू म्हणाला, "दाजी, तो पलीकडचा माणूस देवासारखा ओरडला. कोण होता?"

"पलीकडं कोण असणार? माणूस उभा राहील अशी जागा तरी आहे का तिथं? माझाच आवाज होता तो."

धाकूला पटेना. त्याने हाक मारली, "कोण आहे रे तिकडं?" समोरच्या कड्याने तेच त्याला विचारलं.

धाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दाजी, बोलणं तुमचंच होतं. पण परक्याचं वाटलं तेव्हा कुठं मी ऐकलं."

हिरू सोललेल्या तळहातांवर फुंकर घालत होता. तो म्हणाला, "मी तरी कुठं ऐकलं? त्या दिवशी तुला उशीर का झाला, हे विचारलंसुद्धा नाही. काय झालं होतं रे?"

धाकू सांगू लागला. त्या दिवशी मध काही मिळाला नाही, पण घर येईपर्यंत दोघांचं बोलणं संपलं नाही.

तात्पर्य: मनात अढी असली की समोरच्याचे शब्द कानापर्यंत येतात, पण आत आपला रागच शिरतो. म्हणून आधी काय म्हणतोय ते ऐकावं, कोण म्हणतोय ते मागाहून पाहावं.